शहराचा हमरस्ता, सर्वांचे अंगण



आपल्या मराठवाड्यात दिवस उजाडला की अंगण झाडले जाते. सडा पडतो. दोन बोटे रांगोळी निघते. घर कुडाचे असो की माडीचे, अंगण लख्ख असते. दारात आलेला माणूस अंगण बघूनच ओळखतो, की या घरात टापटीप आहे.

घराला जसे अंगण, तसा शहराला हमरस्ता. बाजाराला आलेला शेतकरी, कॉलेजात शिकायला आलेला मुलगा, दवाखान्यात आणलेला आजारी माणूस, हे सगळे शहराचा रस्ता आधी पाहतात. बाकीचे शहर त्यांना मागून दिसते.

मग हे अंगण झाडायचे कोणी? हा प्रश्न विचारला की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दुकानदार म्हणतो, "ते म्युनिसिपालटीचं काम आहे." म्युनिसिपालटीचा माणूस म्हणतो, "आम्ही झाडून जातो, लोक मागून घाण करतात." आणि आपल्यासारखा खेड्यातला माणूस म्हणतो, "आपण काय, बाजारापुरते आलोत. सांजच्याला आपल्या गावाला जायचंय. आपल्याला काय करायचंय?"

तिघांचेही बोलणे थोडे थोडे खरे आहे. आणि तिघेही असेच बोलत राहिले, तर रस्ता होता तसाच राहतो. म्हणून या पाठात आपण लातूर आणि नांदेड या आपल्या दोन शहरांकडे पाहू. तिथे काय झाले, त्यातून आपण काय शिकावे, आणि आपल्या हातून काय होण्यासारखे आहे, याचा विचार करू.

१. गंजगोलाईचे सोळा रस्ते

लातूरला गेला नाही असा माणूस आपल्या भागात विरळा. आणि लातूरला जाऊन गंजगोलाई पाहिली नाही असा तर सापडणारच नाही. गोलाई म्हणजे वाटोळी बाजारपेठ. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला. १९१७ साली तिची दुमजली इमारत उभी राहिली. तेव्हा मराठवाड्यात निजामाचे राज्य होते. गोलाईच्या मधोमध अंबाबाईचे देऊळ आहे, आणि तिच्याभोवती सोळा रस्ते येऊन मिळतात. चाकाला जसे आरे असतात, तसे हे रस्ते. कुठे सोन्याचांदीची दुकाने, कुठे पादत्राणे, कुठे मिरची, कुठे गूळ.

शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी बसून विचार केला, की माणसे कुठून येतील, माल कुठे उतरेल, दुकाने कशी असतील. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रस्त्याचे देखणेपण आधी त्याच्या मांडणीत असते. रंग, दिवे, कमानी या मागाहूनच्या गोष्टी. आधी रस्ता मोकळा हवा. सरळ हवा. माणसाला चालता आले पाहिजे. पाणी वाहून गेले पाहिजे. एवढे साधले की निम्मे काम झाले.

२. नांदेडची सेवा

आता नांदेडला चला. गोदावरीच्या काठचे हे जुने शहर. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांनी १७०८ साली इथेच देह ठेवला. म्हणून सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला देशभरातून, परदेशातूनही यात्रेकरू येतात.

तुम्ही गुरुद्वाऱ्यात गेला असाल, तर जोडे ठेवण्याच्या जागी काय चालते ते पाहिले असेल. चांगल्या घरची, शिकलेली, पैसेवाली माणसे तिथे उभी असतात. लोकांचे जोडे हातात घेतात, नीट ठेवतात. कोणी फरशी पुसतो, कोणी लंगरात भांडी घासतो. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. त्याला ते सेवा म्हणतात. दिवाळीच्या आधी तिथे तख्त स्नान होते. त्या दिवशी भाविक गोदावरीचे पाणी घागरींनी वाहून आणतात आणि गुरुद्वारा धुऊन काढतात. लहानथोर सगळे एका रांगेत असतात.

हीच गोष्ट आपल्या गाडगेबाबांनी सांगितली. बाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. आधी काम, मग भाकर, असा त्यांचा नेम होता. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. पुढे २००० साली महाराष्ट्र सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा त्याला बाबांचेच नाव दिले.

नांदेडचा आणखी एक धडा आहे. २००८ साली गुरुगादीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्ताने शहराला मोठा निधी मिळाला. केंद्र सरकारच्या शहर सुधारणेच्या योजनेचाही पैसा त्यात होता. अनेक रस्ते रुंद झाले, काँक्रीटचे झाले, चालणाऱ्यांसाठी पदपथ झाले. सरकारच्या पैशाने एवढे होऊ शकते. पण रस्ता एकदा होतो, आणि तो राखावा लागतो रोज. लग्नात मांडव एक दिवसाचा असतो, संसार मात्र जन्माचा. सोहळ्याचे काम सरकार करील. रोजचे काम लोकांनी हात लावल्याशिवाय होत नाही.

३. रस्ता विद्रूप कशाने होतो?

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. आपणही आधी रोग पाहू. रोग पाच आहेत.

पहिला, तुंबलेले पाणी. पाणी हे डांबराचे वैरी आहे. चांगला रस्ता मधोमध किंचित उंच असतो आणि दोन्ही अंगांना उतरता असतो. पाऊस पडला की पाणी कडेच्या गटारात जावे म्हणून ही रचना. पण गटारात प्लास्टिकच्या पिशव्या, चहाचे कप, नारळाच्या करवंट्या बसल्या की पाणी रस्त्यावर थांबते. ते डांबराच्या फटीत शिरते. खालची खडी सुटी होते. वरून गाडी गेली की खड्डा पडतो. म्हणजे आपण टाकलेली एक पिशवी पुढच्या पावसाळ्यात खड्डा होऊन बसते. त्या खड्ड्यात कोणाची तरी दुचाकी आदळते, आणि कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो.

दुसरा, कचरा. ओला आणि सुका कचरा एकत्र केला की त्याची घाण होते. वेगवेगळा ठेवला तर तोच कामाचा. भाजीची देठे, उष्टे अन्न, पालापाचोळा यांचे खत होते. कागद, पत्रा, प्लास्टिक भंगारवाला घेतो. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा, असा नियम केंद्र सरकारने २००० साली केला आणि २०१६ साली तो अधिक कडक केला. मध्यप्रदेशातले इंदूर शहर २०१७ साली देशात स्वच्छतेत पहिले आले, आणि पुढे सलग अनेक वर्षे पहिले राहिले. इंदूरने काही जादू केली नाही. घराघरातून कचरा वेगळा गोळा केला, आणि त्यात एक दिवसाचाही खंड पडू दिला नाही.

तिसरा, थुंकणे. पान, तंबाखू, गुटखा खाऊन भिंत रंगवणे. याविषयी जास्त काय लिहावे? ज्याने त्याने आपल्या देवघराची भिंत आठवावी.

चौथा, फलक. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचे स्वागत. चौकात माणूस दिसत नाही, फलकच दिसतात. वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही, आणि अपघात होतो. परवानगीवाचून भिंती, खांब, झाडे विद्रूप करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९५ सालचा कायदा आहे. पुढाऱ्याविषयी प्रेम असेल, तर त्याच्या नावाने एक झाड जगवावे. फलक पंधरा दिवसांत फाटतो. झाड पन्नास वर्षे सावली देते.

पाचवा, अडवणूक. दुकानाची पायरी पुढे येते. पायरीवर माल येतो. मालापुढे गाडी लागते. मग चालणारा माणूस डांबरावर उतरतो आणि जीव मुठीत धरून चालतो. म्हातारी माणसे, पोटुशी बाई, शाळेची लेकरे यांना सर्वांत जास्त त्रास होतो.

४. तहानलेल्या शहरात झाडे

झाडावाचून रस्ता म्हणजे मळवटावाचून कपाळ. पण आपला भाग कमी पावसाचा. झाडे लावा म्हणणे सोपे. त्यांना पाणी कुठून आणावे?

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाण्यासाठी भांडणे होऊ नयेत म्हणून टाक्यांजवळ आणि विहिरींजवळ जमावबंदी लावावी लागली. ११ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. तीनशेहून जास्त किलोमीटर दुरून रुळावरून पाणी आले, आणि शहर जगले.

त्याच उन्हाळ्यात लातूरकर हात जोडून बसले नाहीत. 'जलयुक्त लातूर' या नावाने लोक एकत्र आले. वर्गणी जमली. मांजरा नदीच्या सुमारे १८ किलोमीटर पात्रातला गाळ काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. ज्याला जमले त्याने पैसे दिले, ज्याला जमले त्याने यंत्र दिले.

पुढे २०१९ साली लातुरात 'ग्रीन लातूर वृक्ष टीम' या नावाने काही नागरिक जमले. वेगवेगळ्या व्यवसायांतले स्त्रीपुरुष. रोज सकाळी थोडा वेळ काढायचा आणि शहराच्या रस्त्यांवर झाडांचे काम करायचे, असा त्यांनी नेम धरला. रस्त्याच्या कडेला आणि दुभाजकात रोपे लावायची. आळी करायची. पाणी घालायचे. गवत काढायचे. हा नेम त्यांनी सलग हजाराहून अधिक दिवस चालवला. हजार दिवस म्हणजे पावणेतीन वर्षे! पहिल्या दिवशी काम करणारे पुष्कळ असतात. फोटो निघतो, हार पडतात. दुसऱ्या दिवशी निम्मे उरतात. हजाराव्या दिवशी जो येतो, तो खरा कामकरी. आणि झाडालाही गरज असते ती त्याचीच.

ज्या शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याच शहरातल्या माणसांनी तीन वर्षांनी रस्त्यावर झाडे लावायला घेतली. यातले मर्म ओळखा. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला सावलीची किंमत कळते.

५. पाण्याचा हिशेब

आता एक गणित करू. तुम्ही लिहायला शिकलात, हिशेबही शिकलात. पाटी घ्या.

समजा, एका रस्त्यावर १०० रोपे आहेत. एका रोपाला एका वेळी २ बादल्या पाणी लागते. एका बादलीत १५ लिटर. म्हणजे एका रोपाला ३० लिटर. १०० रोपांना १०० गुणिले ३०, म्हणजे ३,००० लिटर. एवढे पाणी आठवड्यातून दोनदा हवे.

३,००० लिटर म्हटले की छाती दडपते. माणूस म्हणतो, "टँकर मागवा." पण थांबा. त्याच रस्त्यावर समजा २०० दुकाने आहेत. प्रत्येक दुकानाने एका वेळी फक्त १ बादली दिली, तर २०० गुणिले १५ किती होतात? बरोबर ३,००० लिटर. टँकर नको, वर्गणी नको. आठवड्याला दोन बादल्या. फळे-भाजी धुतलेले पाणी चालते. पाणी गाळण्याच्या यंत्रातून जे वाया जाते, तेही फार खारे नसेल तर चालते. साबणाचे आणि खरकटे पाणी मात्र रोपाला घालू नये.

एकट्याला जे ओझे वाटते, ते दोनशेजणांत वाटले की बादलीभर होते. सहकार म्हणतात तो हाच.

६. झाड लावावे कसे, राखावे कसे

शेतकऱ्याला झाड लावायला काय शिकवायचे? पण रस्त्यावरचे झाड आणि बांधावरचे झाड यांत फरक आहे. म्हणून काही गोष्टी सांगतो.

खड्डा उन्हाळ्यातच खोदून ठेवावा. दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल. ऊन लागून किडे मरतात. पहिला चांगला पाऊस झाला की चांगली माती, शेणखत आणि थोडा लिंबाचा पाला घालून खड्डा भरावा, आणि मग रोप लावावे.

रोप कमरेइतके लावू नये. पुरुषभर उंचीचे लावावे. शेळीचे तोंड शेंड्याला पोचत नाही, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला रोप दिसते. बाजूला काठी रोवून सैल बांधावे. भोवती जाळी लावावी. जाळी महाग वाटली तर बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे.

झाड निवडताना आपल्या मातीतले निवडावे. कडुलिंब, करंज, चिंच ही आपल्या उन्हाळ्यात टिकणारी झाडे. लिंबाला आणि करंजाला ऐन उन्हाळ्यात नवी पालवी फुटते, म्हणून सावली तेव्हाच दाट होते. बहावा फुलला की पिवळ्या झुंबरांनी लगडतो. वड-पिंपळ थोर झाडे, पण त्यांची मुळे फरशी उचलतात. त्यांना मोठा चौक किंवा मोकळी जागा द्यावी. गुलमोहर दिसतो सुंदर, पण तो मूळचा मादागास्कर बेटावरचा, आणि वादळात त्याच्या फांद्या लवकर मोडतात. वर विजेची तार असेल, तर खाली मोठे झाड नको. कांचन किंवा तगर लावावी. दुभाजकात कण्हेर चांगली टिकते, कारण जनावर तिला तोंड लावत नाही. मात्र ती विषारी आहे. लेकरांनी पान-फूल तोंडात घालू नये.

उन्हाळ्यात पाणी वाचवायचे असेल तर जुनी युक्ती करावी. रोपाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. मडके पाझरते आणि मुळाला ओल मिळत राहते. आळ्यात पालापाचोळा पसरला की ऊन लागत नाही.

झाड मोठे झाले तरी दोन पथ्ये पाळावीत. एक, खोडापर्यंत सिमेंट करू नये. भोवती मातीचे आळे राहू द्यावे, नाहीतर पाऊस पडूनही झाड तहानलेले राहते. दोन, झाडाला खिळे मारू नयेत. झाडाची साल म्हणजे त्याची कातडी. जिथे खिळा घुसतो, तिथे कीड शिरते. आणि शहरातले झाड तोडायचे तर परवानगी लागते. त्यासाठी १९७५ सालचा कायदा आहे. आपल्या दुकानाची पाटी दिसत नाही म्हणून झाड तोडता येत नाही.

७. हातगाडीवाल्याचे काय करायचे?

आता एक अवघड गोष्ट. रस्ता सुंदर करायचा म्हटले, की पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो, "या हातगाड्या आधी हटवा."

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. खेड्यातून पहाटे पाटी घेऊन आलेली बाई मेथीच्या जुड्या विकते. त्या पैशांतून ती मीठ-मिरची घेते, लेकराची वही घेते आणि शेवटच्या एस.टी.ने घरी जाते. ती कुठे बसणार? तिला पाटीसकट हुसकावून रस्ता सुंदर केला, तर त्या सुंदरतेला काय चाटायचे? अंगण झाडताना कोणी घरातल्या माणसाला बाहेर काढत नाही.

"मग रस्ताभर बसू द्यायचं का?" असे कोणी विचारील. तसेही नाही. यासाठी २०१४ साली फेरीवाल्यांचा कायदा झाला. त्या कायद्याने विक्रेत्यांची मोजणी करायची. त्यांना प्रमाणपत्र द्यायचे. बसण्याच्या जागा ठरवायच्या. हे ठरवायला नगर फेरीवाला समिती असते, आणि तिच्यात निदान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. जागेवरून उठवायचे तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. हे विकणाऱ्याला ठाऊक हवे, आणि विकत घेणाऱ्यालाही.

विक्रेत्याचेही कर्तव्य आहे. ठरल्या रेघेच्या आत बसावे. शेजारी एक पाटी कचऱ्याला ठेवावी. उठताना देठे आणि पाने गोळा करून न्यावीत. जिथे विक्रेत्यालाच जागा मिळते, तिथे तो जागेची काळजी घेतो. ज्याला रोज पळवले जाते, त्याने जागा कशाला झाडावी?

आणखी एक गोष्ट बोलायला लोक लाजतात, पण आम्ही बोलणार. बाजाराच्या रस्त्यावर बायांसाठी स्वच्छ मुतारी हवी. बाई सकाळी गावातून निघते आणि अंधार पडल्यावर घरी पोचते. जागा नाही म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. मग दुखणी लागतात. चौकात कारंजे उडते आहे, आणि आमची माय-बहीण तहानलेली बसली आहे, असा रस्ता कितीही रंगवला तरी सुंदर म्हणता येणार नाही. तेव्हा वर्गणी जमली, तर आधी मुतारी, मग कारंजे.

८. झाडणारे हात

पहाटे आपण झोपेत असताना काही माणसे रस्ता झाडत असतात. थंडी असो, पाऊस असो. त्यांत बायाही पुष्कळ. आपण त्यांना कचरेवाली म्हणतो. खरे पाहता कचरा करणारे आपण. त्या तर सफाई करतात. त्यांना नावाने, ताई-मावशी म्हणून हाक मारावी. उन्हाळ्यात तांब्याभर पाणी द्यावे. कचऱ्यात फुटकी काच किंवा दाढीचे पाते टाकायचे असेल, तर कागदात गुंडाळून, वेगळे सांगून द्यावे. आपल्या हलगर्जीने त्यांचा हात कापतो.

श्रमदानात उत्साहाच्या भरात बंद गटारात किंवा मैल्याच्या टाकीत कोणीही उतरू नये, आणि कोणाला उतरवूही नये. आत विषारी वायू असतो. माणूस क्षणात मरतो, आणि त्याला काढायला गेलेलाही मरतो. सुरक्षेची साधने न देता माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम यंत्राने करून घ्यावे.

९. आरंभ कसा करावा?

मोठा संकल्प करू नये. एक रस्ता घ्यावा. त्यातलाही एकच तुकडा, एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत. मग या पायऱ्यांनी जावे.

पहिली पायरी, बैठक. दुकानदार, घरवाले, रिक्षावाले, विक्रेते, शाळेचे गुरुजी आणि सफाई कामगार या सर्वांना बोलवावे. कोणाला वगळू नये. जो वगळला जातो तोच पुढे मोडता घालतो.

दुसरी पायरी, पाहणी. वही घेऊन तो तुकडा पायी चालावा. किती खड्डे, किती दिवे बंद, गटार कुठे तुंबले, झाडे किती, सारे लिहून काढावे. लिहिलेले विसरत नाही.

तिसरी पायरी, वाटणी. आपले काय आणि महापालिकेचे काय, ते वेगळे करावे. झाडणे, पाणी घालणे, रंग देणे, कचरा वेगळा करणे हे आपले. खड्डे, दिवे, गटार, कचरागाडी हे महापालिकेचे. आपण कर भरतो. तेव्हा तिचे काम तिच्याकडून करून घेणे हेही नागरिकाचे काम आहे. नांदेडला १९९७ पासून आणि लातूरला २०११ पासून महानगरपालिका आहे.

चौथी पायरी, वार ठरवणे. आठवड्यातून एक वार, एक तास. तो चुकवू नये. माणसे पाच आली तरी पाचांनी काम करावे.

पाचवी पायरी, हिशेब. वर्गणी जमली तर दर महिन्याला जमाखर्च चौकात फळ्यावर लिहावा. पैशाचा हिशेब उघडा असला की विश्वास टिकतो, आणि विश्वास टिकला की काम टिकते.

१०. अर्ज लिहायला शिका

तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. म्हणून अर्ज द्यावा. खालचा नमुना वहीत उतरून घ्या आणि मोकळ्या जागा भरा.

प्रति,
मा. आयुक्त साहेब,
महानगरपालिका, ...............

विषय : ............... चौक ते ............... चौक या रस्त्याबाबत.

महोदय,
आम्ही या रस्त्यावरील रहिवासी, दुकानदार व विक्रेते आहोत. या रस्त्यावर ..... ठिकाणी गटार तुंबले आहे, ..... दिवे बंद आहेत आणि ..... खड्डे आहेत. बायांसाठी मुतारी नाही. आम्ही दर ............... वारी श्रमदानाने रस्ता झाडतो आणि ..... झाडांना पाणी घालतो. तरी आपल्या खात्याने वरील कामे पावसाळ्यापूर्वी करावीत, ही विनंती.

आपले विश्वासू,
(सह्या)
दिनांक : ...............

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी, दुसरीवर पोच म्हणून शिक्का घ्यावा. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारावे, की आमच्या अर्जाचे काय झाले, आणि या रस्त्यावर किती खर्च झाला? अशा अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

या अर्जावर जिथे तुमची सही आहे, तिथे पूर्वी तुमचा अंगठा उठला असता. अंगठा आणि सही यांत काय फरक? अंगठा देणाऱ्याला दुसरा वाचून दाखवतो. सही करणारा स्वतः वाचून सही करतो. तुम्ही आता वाचता. तेव्हा रस्त्यावरच्या पाटीवर, फलकावर आणि अंदाजपत्रकावर काय लिहिले आहे, तेही वाचा.

११. आपल्या गावचा रस्ता

कोणी म्हणेल, "गुरुजी, हे सगळं शहराचं झालं. आमच्या गावात कुठली गोलाई?" गोलाई नसेल, पण एस.टी.च्या थांब्यापासून चावडीपर्यंत रस्ता तर आहे ना? तिथेच सुरुवात करा. उकिरडा रस्त्यावरून हलवा. सांडपाण्याला शोषखड्डा करा. शाळेच्या वाटेवर दहा लिंब लावा, आणि प्रत्येक लिंबाला एकेक घर नेमून द्या.

आणि बाजाराच्या दिवशी शहरात गेलात, की तिथेही पाहुण्यासारखे वागू नका, घरच्यासारखे वागा. घरून कापडी पिशवी न्या. शेंगांची टरफले, केळ्याची साल त्याच पिशवीत ठेवा. ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल शहराबाहेर काढून मग आत जा. शहराचे धान्य तुमच्या शेतातून जाते. शहराच्या रस्त्यावर तुमचा हक्क आहे. आणि ज्यावर हक्क सांगायचा, ते जपायचेही असते.

प्रश्न

१. गंजगोलाईला किती रस्ते मिळतात?
२. रस्त्यावर खड्डा कसा पडतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. एका रस्त्यावर ६० रोपे आहेत. प्रत्येकाला ३० लिटर पाणी लागते. एकूण किती लिटर? १५ लिटरच्या किती बादल्या?
४. विक्रेत्यांना न हटवता रस्ता नीटनेटका कसा ठेवता येईल? चारजण मिळून चर्चा करा.
५. तुमच्या गावच्या रस्त्याची पाहणी करा आणि ग्रामपंचायतीला अर्ज लिहा. पुढच्या वर्गाला येताना पोच घेऊन या.